कीबोर्डवरचे गडी पडद्यावर

प्रिय मंद्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत माझ्या पायाची चौकशी एका ओळीत, आणि उरलेली सगळी पानं 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या व्हिडिओ गेमवरून निघालेल्या सिनेमांवरच्या चिडचिडीला. बरं वाटलं, तू बदलला नाहीस. प्लास्टर अजून दोन आठवडे आहे. मला जागचं हलता येत नाही, त्यामुळे तुला सविस्तर उत्तर देण्यापासून मला कुणी रोखू शकत नाही.

तुझं म्हणणं असं की मारामारीच्या गेममध्ये गोष्ट नसतेच. दोन गडी समोरासमोर उभे राहतात, एक आडवा होतो, संपलं. यातून सिनेमा निघणार कसा? म्हणून आजवरचे सगळे पडले आणि पुढचेही पडणार.

'सगळे पडले' हे आधी खोडून काढतो. १९९५चा पहिला 'मॉर्टल कॉम्बॅट' अमेरिकेत सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. खर्च २ कोटी डॉलरच्या आसपास, जगभरचा गल्ला १२ कोटींच्या वर. त्याच्या आठ महिने आधी आलेला, प्रतिस्पर्धी गेमवरचा 'स्ट्रीट फायटर' तू हसण्यावारी नेतोस, पण पैसे त्यानेही कमावले. तेव्हा पडले म्हणू नकोस. वाईट होते म्हण, मग भांडू.

आता गोष्टीचं. तुला आपला तो एकच कीबोर्ड आठवतो का? डावीकडे तू, उजवीकडे मी, कोपराला कोपर. दोघांनी मिळून जास्त कळा दाबल्या की तो बिचारा गप्प व्हायचा, माझा गडी हवेत पाय उचलून तसाच मार खायचा आणि तू म्हणायचास, कीबोर्डवर ढकलू नकोस. मी बहुतेक वेळा जॉनी केज, तो गेममधला सिनेनट, घ्यायचो. आणि मी जॉनी घेतला रे घेतला की तू सोन्या, ती लढवय्यी पोरगी, घ्यायचास. मला वाटायचं, तुला ती आवडते. असो.

सांगायचं हे की त्या गड्यांबद्दल आपल्याला एक वाक्यसुद्धा वाचायची गरज नव्हती. जॉनी केज कसा माणूस आहे हे त्याच्या त्या पाय फाकवून मारायच्या ठोशावरून कळायचं. दोन्ही पाय पसरून खाली बसायचं आणि समोरच्याला नको तिथे गुद्दा. लबाड, दिखाऊ, आणि तरी लाडका. स्कॉर्पियनचा दोरीला बांधलेला भाला: दोनदा मागची कळ, मग खालच्या ठोशाची, की समोरचा फरफटत त्याच्याच पुढ्यात येतो. ज्याला सूड हवा आहे तो दुसऱ्याला लांब राहू देत नाही. सब-झीरो गोठवतो आणि मग सावकाश चालत येतो. म्हणजे गोष्ट होती, मंद्या. ती हातापायांत होती. सिनेमावाल्यांनी ती तोंडात शोधली, तिथे घोटाळा झाला.

प्लास्टरच्या कृपेने मी हे सगळे सिनेमे ओळीने पुन्हा पाहिले. 'स्ट्रीट फायटर'पासून सुरुवात केली. १९९४, दिग्दर्शक स्टीव्हन डि सुझा, 'डाय हार्ड'च्या पटकथेतला माणूस. त्याने गेममधली लढवय्यांची स्पर्धा काढूनच टाकली. त्याऐवजी एक हुकूमशहा, काही ओलीस आणि त्यांना सोडवायला निघालेलं आंतरराष्ट्रीय सैन्य. गेममध्ये ज्या र्यूभोवती सगळं फिरतं तो इथे केनबरोबर लोकांना गंडवणारा भुरटा, आणि नायक कोण, तर गाइल, कारण ती भूमिका जाँ-क्लोद व्हॅन डॅमची. गेममधला जवळजवळ प्रत्येक गडी सिनेमात आहे आणि कुणालाच धड लढायला वेळ नाही. हाडोकेन, म्हणजे र्यूच्या हातांतून सुटणारा तो ऊर्जेचा गोळा, तर वीज चमकावी तसं येऊन जातं. खाली, तिरपं, पुढे आणि ठोसा हे जमेपर्यंत आपल्या अंगठ्यांची सालं निघाली होती, आणि पडद्यावर त्याची ही किंमत!

पण राउल हुलिया या नटासाठी मी तो सिनेमा परत पाहीन. त्याला कर्करोग झाला होता, चेहरा पार ओढलेला दिसतो. आपल्या मुलांना हा गेम आवडतो म्हणून त्याने हुकूमशहा बायसनची भूमिका घेतली. सिनेमा डिसेंबरात लागला, तो ऑक्टोबरातच गेला होता. आजूबाजूला सगळे वरवरचं काम करत असताना हा एकटा राजदरबारात उभा असल्यासारखा बोलतो. चुन-ली त्याला त्याने तिच्या बापाला कसं मारलं ते सांगते. तिच्या आयुष्यातला सर्वांत काळा दिवस. तो शांतपणे सांगतो की त्याच्या लेखी तो एक साधा मंगळवार होता. खलनायक म्हणजे काय हे एवढ्या थोडक्यात मी फार कमी ठिकाणी ऐकलंय.

आता एक गंमत ऐक. 'मॉर्टल कॉम्बॅट' हा गेम आधी व्हॅन डॅमला घेऊनच करायचा विचार होता. तो जमला नाही, म्हणून गेम घडवणाऱ्या एड बून आणि जॉन टोबायस यांनी १९९२ साली जॉनी केज घडवला. व्हॅन डॅमची सरळसरळ टवाळी, नावाची आद्याक्षरंसुद्धा तीच, जे. सी. ठोसा त्याच्या 'ब्लडस्पोर्ट' सिनेमातून उचललेला. आणि तो व्हॅन डॅम जाऊन बसला कुठे, तर प्रतिस्पर्धी गेमच्या सिनेमात! पुढे त्या सिनेमावरून परत एक गेम निघाला, त्यात खऱ्या नटांची छायाचित्रं घेऊन गडी बनवले होते, म्हणजे 'मॉर्टल कॉम्बॅट'चीच पद्धत. शेवटी २०२३च्या 'मॉर्टल कॉम्बॅट १'मध्ये जॉनी केजला व्हॅन डॅमचा चेहरा आणि त्याचाच आवाज घेता येतो. तीस-एक वर्षं फिरून गडी आपल्या घरी आला. तू म्हणतोस गेमवरून सिनेमा होत नाही. अरे, हे गेम मुळात सिनेमावरूनच झालेत. हाँगकाँगचे कुंग-फूपट, ब्रूस ली, व्हॅन डॅम, हे सगळं ओरबाडून ते उभे राहिले. मग त्यांच्यावर सिनेमा काढायचा म्हणजे छायाप्रतीची छायाप्रत, आणि ती फिकट येणारच. तुझा मुद्दा जिथे थोडासा खरा आहे ती जागा ही. बघ, मीच तुला शोधून दिली.

१९९५चा सिनेमा मात्र फिकट नाही. कथा अशी की स्पर्धा आहे, बेटावर जायचं आहे, हरलात तर पृथ्वी गेली. दिग्दर्शक पॉल अँडरसन तेव्हा अगदी नवखा. त्याला एक गोष्ट बरोबर कळली होती की स्पर्धा ही अडचण नाही, तो सांगाडा आहे. पुढे काय होणार हे कुणालाही विचारावं लागत नाही, त्यामुळे कसं होणार याकडे लक्ष देता येतं. थायलंडच्या जुन्या मंदिरांत जाऊन चित्रीकरण केल्यामुळे जागेला वजन आलं. आणि ते संगीत! सुरुवातीलाच नावाची आरोळी आणि मागे धडधडता टेक्नो. परवा ते लागलं आणि माझा प्लास्टरमधला पाय हलायला लागला.

आधीच्या कच्च्या आवृत्तीत मारामाऱ्या कमी होत्या. प्रदर्शनाआधीच्या चाचणीच्या खेळांत प्रेक्षकांनी आणखी मागितल्या, म्हणून नंतर वाढवल्या. आज आपल्याला आठवतात त्या नेमक्या याच, नायक लिउ कांग आणि रेप्टाइलची, जॉनी आणि स्कॉर्पियनची. लिउ कांग झालेला रॉबिन शू हाँगकाँगच्या सिनेमांत हाडं झिजवून आलेला. रेप्टाइलच्या वेशातला कीथ कुकही खरा लढवय्या. ती लढाई आवाज बंद करून बघ. कॅमेरा मागे सरकून उभा राहतो, पाय कुठून निघाला आणि कुठे बसला ते दिसतं. आपल्याला गेममध्ये दिसायचं तसं, बाजूने, पूर्ण अंग. हल्ली एका लाथेचे चार तुकडे करून दाखवतात आणि लाथ कुणी मारली ते मागाहून कळतं.

आणि जॉनी! लिंडन अॅश्बीने तो चोख उभा केलाय. स्कॉर्पियनला संपवल्यावर वरून सही केलेला आपलाच फोटो तरंगत खाली पडतो, गेममधली खूण जशीच्या तशी. चार हातांच्या गोरोसमोर तो उभा राहतो आणि खाली बसून तोच ठोसा. मी एकटाच घरात टाळ्या वाजवल्या. त्या एका हालचालीत माणूस, विनोद आणि गेमची आठवण तिन्ही आहेत, आणि त्यासाठी एक संवाद खर्ची पडलेला नाही. मी जे म्हणतोय ते हेच.

रक्ताचं तू लिहिलंयस, की रक्त नाही तर ते 'मॉर्टल कॉम्बॅट' कसलं. याच रक्तावरून १९९३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, पुढच्या वर्षी गेमना वयानुसार दर्जा देणारी व्यवस्था आली. निन्तेंदोवर तर रक्ताच्या जागी करडा घाम उडायचा. आणि तरी १९९५च्या सिनेमात रक्त जवळजवळ नाहीच, तो १३ वर्षांच्या पोरांसाठी होता. तुला तेव्हा त्याची उणीव जाणवली? खरं सांग. तू बाहेर पडल्यावर आठवडाभर हवेत लाथा मारत होतास.

१९९७चा दुसरा भाग, 'अॅनिहिलेशन', यावर मी फार शाई घालवणार नाही. मुख्य नटांपैकी शू आणि टलिसा सोटो एवढेच परत आले, आणि जॉनी केजला पहिल्या काही मिनिटांत मारून टाकलं. तिथेच माझा आणि त्या सिनेमाचा संबंध संपला.

बाकीच्यांत म्हणशील तर २००९चा 'स्ट्रीट फायटर'मधल्या चुन-लीवरचा आणि २०१०चा, तिसऱ्याच एका गेमवरचा 'टेक्केन' मी पाव-पाव झोपेत पाहिले. पण एक लक्षात आलं. पहिल्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये दुष्ट मांत्रिक शँग त्सुंग झालेला कॅरी-हिरोयुकी टागावा 'टेक्केन'मध्ये हेइहाची होऊन आलाय, आणि शू त्या चुन-लीच्या सिनेमात गुरुजी. हा आपला छोटासा परिवार आहे रे, एका गेमच्या वाड्यातून दुसऱ्यात राहायला जाणारा. टागावाचा चेहरा तर २०१९च्या 'मॉर्टल कॉम्बॅट ११'मध्ये शँग त्सुंगला परत दिला. म्हणजे सिनेमाने गेमला काहीतरी दिलं. केनो या गुंडाचं पण तसंच. ट्रेव्हर गॉडर्डने त्याला ऑस्ट्रेलियन हेल दिला आणि पुढे गेमवाल्यांनी त्याला कायमचाच ऑस्ट्रेलियन करून टाकलं. गंमत म्हणजे गॉडर्ड स्वतः इंग्लंडचा.

उरला २०२१चा, सायमन मक्वॉइडचा. याच्यावर तू सर्वांत जास्त चिडलायस. माझं मन मात्र दुभंगलेलं आहे. पहिली काही मिनिटं अप्रतिम. १६१७ सालचा जपान, पुढे स्कॉर्पियन होणाऱ्या हान्झो हासाशीचं घर, आणि बागेतलं एक अवजार दोरीला बांधून केलेला तो भाला. भाला कुठून आला हे इतकी वर्षं आपण विचारलंच नव्हतं. स्कॉर्पियन झालेला हिरोयुकी सानादा आणि सब-झीरो झालेला जो तस्लीम. एक जण वार करताना कंबर खाली घेतो, दुसरा झाडासारखा ताठ. मला त्या वेळी काय आठवलं सांगू? १९९२च्या गेममध्ये स्कॉर्पियन आणि सब-झीरो हा एकच माणूस होता, डॅनियल पेसिना. गेमच्या मेमरीतली जागा वाचवायला एकाच पोशाखाचा रंग बदलून पिवळा आणि निळा असे दोन निंजे केले. जॉनी केजही तोच. आपण एकाच माणसाला त्याच्याशीच लढवत होतो! १९९५च्या सिनेमातही दोघांना शँग त्सुंगचे गुलाम म्हणून शेजारीशेजारी उभं केलं आणि त्यांचं जुनं वैर एका वाक्यात उरकलं. २०२१मध्ये दोघांना आपापली वेगळी ढब मिळाली. शेवटच्या लढाईत सब-झीरो उडालेलं रक्त हवेतच गोठवून त्याचाच सुरा करतो आणि भोसकतो, तेव्हा मला तुला फोन करावासा वाटला होता. रात्रीचे दोन वाजले होते म्हणून केला नाही.

मधला सिनेमा मात्र तुझ्या पदरात. कोल यंग नावाचा गेममध्ये कधीच नसलेला नायक, ज्याला काय येतं हेच बराच वेळ कळत नाही. अंगावरच्या खुणा, आतली शक्ती, तिची शिकवणी. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे स्पर्धा होतच नाही! तयारी होते, चर्चा होते, स्पर्धा नाही. सांगाडाच काढून घेतला आणि मग मांस कुठे लटकवायचं म्हणून शक्तींचे खुलासे लटकवत बसले. जॉनी केज तर शेवटी फक्त पोस्टरवर. दुसऱ्या भागात तो कार्ल अर्बनने केलाय. तू तो बघणार नाहीस म्हणालास. बघशील. मी ओळखतो तुला.

दोन आठवड्यांनी प्लास्टर निघेल. तेव्हा ये. गेम मी मिळवून ठेवलाय, जुनाच, पहिला. कीबोर्ड एकच ठेवू, उगाच सोय नको.

तुझा,
विन्या

ता. क. काल रात्री झोप येईना म्हणून एकटाच सरावाला बसलो होतो. जॉनीचा तो ठोसा पहिल्या गेममध्ये सोन्याला लागतच नाही. सगळ्यांना लागतो, फक्त तिला नाही. तुला हे तेव्हाच माहीत होतं ना रे, चोरा?