सह्यांचा गठ्ठा आणि कोश्यारी समिती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात सांगलीच्या पानावर ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शनरांच्या मेळाव्याची बातमी आहे. खासदारांच्या हाती सह्यांचा गठ्ठा देतानाचे छायाचित्र आहे आणि खाली 'संसदेत याचिका कशी कराल' अशी चौकट आहे. साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी, सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेल्या माणसांच्या प्रश्नाला एवढी जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण त्या चौकटीप्रमाणे कोणी अर्ज केला, तर तो संसदेच्या याचिका समितीपुढे जायच्या आधीच, छाननीत अडकेल. आणि बातमीत कोश्यारी समितीविषयी जे वाक्य छापले आहे ते साफ चुकीचे आहे.

'केंद्र सरकारने नेमलेल्या कोश्यारी समितीने किमान पेन्शन तीन हजार रुपये करण्याची शिफारस केली होती', असे तुमचा वार्ताहर लिहितो. सरकारने अशी कोणतीही समिती नेमली नव्हती. ती राज्यसभेची याचिका समिती होती. पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झालेले भगतसिंह कोश्यारी त्या वेळी तिचे अध्यक्ष होते, म्हणून तिला त्यांचे नाव चिकटले. १९९५ च्या पेन्शन योजनेत सुधारणा करा, असा अर्ज राज्यसभेकडे आला, समितीने तो तपासला आणि २०१३ मध्ये आपला १४७ वा अहवाल सभागृहाला दिला. म्हणजे ज्या वाटेने जा म्हणून तुम्ही चौकटीत सांगता, त्याच वाटेने कोश्यारी अहवाल आलेला आहे. एकाच पानावर दोन्ही गोष्टी छापूनही हे कोणाच्या लक्षात आले नाही, याचे वाईट वाटले.

हा नुसता शब्दांचा फरक नाही. सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल सरकारकडे जातो आणि तिथे पडून राहू शकतो. सभागृहाच्या समितीचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि त्यातल्या प्रत्येक शिफारशीवर मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावे लागते. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते हे खरे, पण मानणार नसाल तर का मानणार नाही, हे कागदावर आणावे लागते. मेळाव्यांतून 'कोश्यारी लागू करा' ही घोषणा वर्षानुवर्षे होते. त्या लेखी उत्तराविषयी विचारणारे मात्र फार थोडे.

आता चौकटीकडे वळतो. पहिली चूक सह्यांची. छायाचित्रात जे कागद दिसतात त्यांवर वर फक्त घोषणा आहे आणि खाली सह्या. लोकसभेचा नियम असा आहे की सह्या एकाहून जास्त कागदांवर असतील तर अर्जातली मागणी, म्हणजे शेवटची प्रार्थना, प्रत्येक कागदाच्या माथ्यावर पुन्हा लिहिलेली असली पाहिजे. ज्या कागदावर मूळ अर्ज लिहिला आहे त्यावरही निदान एक सही हवीच. हे नसेल तर बाकीची पाने म्हणजे कशावर सह्या केल्या हे सिद्ध न होणारी सुटी पाने. सही येत नसेल तर अंगठा चालतो. प्रत्येक सहीवाल्याचे पूर्ण नाव आणि पत्ता वाचता येईल असा लिहावा.

दुसरी चूक जास्त गंभीर. 'पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स जोडाव्यात' असे तुम्ही छापले आहे. अर्जाला पत्रे, प्रतिज्ञापत्रे किंवा इतर कागदपत्रे जोडायची नाहीत, असे नियमात स्पष्ट आहे. जे सांगायचे ते अर्जाच्या मजकुरात, थोडक्यात आणि सभ्य भाषेत. ठराविक नमुना आहे: सुरुवातीला 'लोकसभेस', मग अर्जदार कोण हे एका ओळीत, मग प्रकरणाची हकीकत, मग नेमकी मागणी. खासदारांचे शिफारसपत्रही जोडायचे नसते. अर्ज ते स्वतः मांडणार असतील तर त्यांची प्रतिस्वाक्षरी अर्जावरच हवी आणि मांडण्याआधी त्यांनी लोकसभेच्या महासचिवांना कळवायला हवे. अर्ज सादर होताना सभागृहात चर्चा होत नाही, तेव्हा 'खासदारांनी संसदेत आवाज उठवला नाही' असा बोभाटा नंतर नको. खासदार मिळाला नाही तरी अर्ज थेट महासचिवांकडे पाठवता येतो.

तिसरी गोष्ट भाषेची. अर्ज मराठीत लिहिला तर काही बिघडत नाही, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवे आणि त्या भाषांतरावरही अर्जदाराची सही हवी. नेमकी हीच सही राहून जाते. भाषांतर दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतलेले असते आणि टाइप झाल्या झाल्या पाकिटात जाते.

विषयाच्या मर्यादाही चौकटीत नाहीत. किमान पेन्शन हा केंद्राचा आणि सार्वजनिक हिताचा विषय आहे, तो चालतो. कारखान्याकडे थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, वेतनकराराचा फरक हे त्यात घालू नये, कारण त्यासाठी कायद्याने दुसरा मार्ग आहे आणि ज्याला कायद्यात दाद आहे तो विषय समिती घेत नाही. न्यायालयापुढे असलेला विषयही घेत नाही. जास्त पगारावरच्या पेन्शनचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी दिला, तरी त्याच्या अंमलबजावणीचे वाद अजून न्यायालयांत जातात. मेळाव्यातल्या मागण्यांत किमान पेन्शन आणि हा विषय एकाच कलमात बांधलेले दिसतात. ते वेगळे करावेत, नाहीतर एकापायी दुसरा अडेल. एखाद्याच्या पीपीओत जन्मतारीख चुकली असेल तर त्यासाठी संसद नको. पीएफ कार्यालयातर्फे दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट' हे शिबिर होते, तिथे जावे.

ज्यांना नमुन्यातला अर्ज जमणार नाही त्यांनी साधे निवेदन पाठवले तरी समिती त्याचा विचार करू शकते. पण निनावी किंवा पत्ता वाचता न येणारे निवेदन घेत नाहीत. आपल्याकडची सवय अशी की मूळ पत्र पंतप्रधानांना लिहायचे आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून लोकसभा अध्यक्ष, राज्यसभा सभापती, मुख्यमंत्री अशी दहा नावे टाकायची. प्रतीवर समितीकडे स्वतंत्र मागणी केलेली नसेल, तर अशी प्रत विचारात घेतली जात नाही. मूळ पत्रच अध्यक्षांच्या नावाने हवे.

बातमीत 'पंधरा दिवसांत सुनावणी' असेही आहे. याचिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोर्ट येते, त्यातून हे झाले असावे. संसदेच्या हिंदी कागदांत 'याचिका' हाच शब्द असतो. आपल्या विधिमंडळाने मात्र 'विनंती अर्ज समिती' हा शब्द ठेवला आहे आणि तो जास्त खरा आहे. लोकसभेच्या समितीत पंधरा सदस्य असतात, राज्यसभेच्या समितीत दहा. मंत्री लोकसभेच्या समितीत बसू शकत नाही. अर्ज नियमात बसला की मंत्रालयाकडून अभिप्राय मागवला जातो. तो आल्यावर समिती ठरवते की पुढे जायचे का. मग अर्जदारांना बोलावणे, मंत्रालयाच्या सचिवांची साक्ष, गरज वाटली तर प्रत्यक्ष पाहणी आणि शेवटी अहवाल. प्रत्येक अर्जदाराला बोलावतातच असे नाही. आणि ज्याला बोलावतील त्याने अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत आत काय झाले ते बाहेर सांगायचे नसते. तुमच्या वार्ताहराने अशा माणसाला फोन करून 'आत काय विचारले' असे विचारू नये, ही विनंती.

अर्ज लोकसभेकडे द्यायचा की राज्यसभेकडे, हाही विचार करावा लागतो. लोकसभा विसर्जित झाली की तिच्या याचिका समितीकडे असलेले अर्ज व्यपगत होतात, म्हणजे संपतात. राज्यसभा विसर्जित होत नाही. लांबणारा विषय असेल आणि लोकसभेची मुदत संपत आली असेल तर राज्यसभेची वाट धरावी. चौकटीत राज्यसभेचे नावही नाही, आणि ते वर 'कोश्यारी' छापलेल्या बातमीच्या खाली.

खरे काम अहवाल आल्यावर सुरू होते. मालक वेतनाच्या ८.३३ टक्के पेन्शन फंडात भरतो आणि सरकार १.१६ टक्के. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर हे महिना सुमारे १,२५० आणि १७४ रुपये होतात. कोश्यारी समितीने म्हटले की सरकारने आपला वाटाही ८.३३ टक्क्यांपर्यंत न्यावा, किमान पेन्शन तीन हजार करावी आणि तिला महागाईची जोड द्यावी. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन झाली एक हजार. वेतनमर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली, सरकारचा वाटा १.१६ टक्केच राहिला. तीन हजार आणि एक हजार हे दोन आकडे प्रत्येक मेळाव्यात सांगितले जातात. पण फंडात पैसे कुठून येणार याचे उत्तर वाट्याच्या शिफारशीत होते, तीन हजारांच्या आकड्यात नव्हते. मागणीपत्रात ते ८.३३ टक्के पहिल्या ओळीत असायला हवेत, आणि कालच्या बातमीत ते कुठेच नाहीत.

मंत्रालयाची उत्तरे आल्यावर समितीच्या कार्यवाही अहवालात त्यांची चार गटांत विभागणी करतात: सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर पटल्यामुळे समितीने सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्यामुळे पुन्हा केलेल्या आणि ज्यांचे उत्तर अजून यायचे आहे अशा. आपली मागणी दुसऱ्या गटात गेली तर विषय तिथेच संपला. तिसऱ्यात असेल तर अजून जीव आहे. हे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर समित्यांच्या पानावर क्रमांकाने मिळतात. मंत्रालयाकडे दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करून उत्तराची प्रत मागता येते. खासदारांकडे गठ्ठा देण्यापेक्षा एक अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न मागावा, अहवालाचा क्रमांक आणि शिफारस नेमकी लिहून. मंत्र्यांनी उत्तरात 'बाब विचाराधीन आहे' म्हटले, तर ते वाक्य आश्वासन धरले जाते, तीन महिन्यांत पूर्ण करावे लागते आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. 'विचाराधीन' वाचून आपण नाराज होतो आणि कागद बाजूला ठेवतो. तोच कागद जपून ठेवायचा असतो.

पेन्शनरांचाच विषय आहे म्हणून आणखी एक. दरवर्षी नोव्हेंबरात तुम्ही 'पेन्शनधारकांनी ३० नोव्हेंबरपर्यंत हयातीचा दाखला द्यावा, अन्यथा पेन्शन बंद' असे सरसकट छापता. ईपीएस-९५ वाल्यांना ही तारीख लागू नाही. त्यांनी वर्षात केव्हाही जीवन प्रमाण (डिजिटल हयातीचा दाखला) दिले तरी ते त्या तारखेपासून बारा महिने चालते. तुमच्या बातमीमुळे जतपासून मिरजेपर्यंत सत्तरी-पंचाहत्तरीची माणसे नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभी राहतात, झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, आणि फेब्रुवारीत दाखला दिलेला माणूसही घाबरून पुन्हा येतो. यंदाच्या नोव्हेंबरात हा फरक एका ओळीत तरी छापा.

गठ्ठा दिल्लीला नेणार ते अधिवेशन सुरू झाल्यावर, असे बातमीतच आहे. म्हणजे तो अजून सांगलीतच आहे. कालच्या चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात छापलीत तर संघटनेला तालुक्यातालुक्यात पाने परत पाठवून वर मागणी लिहून सह्या पुन्हा घेता येतील, झेरॉक्स काढून टाकता येतील आणि भाषांतरावर सही घेता येईल.

आपला,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली