चालता संगणक भंगारात कशाला?

विंडोज 10चे नियमित मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आणि विंडोज 11ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नाही म्हणून धडधाकट संगणक भंगारात निघू लागले. एवढी घाई कशाला? जुन्या हार्ड डिस्कच्या जागी 240 जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवा, रॅम 8 जीबी करा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका. ती टाकायला 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आधी मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय आणि प्रिंटर तपासा. घोडं अडतं ते तिथंच. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतातली, मराठी विनासायास चालते. श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीतल्या फायली मात्र तो फॉन्ट नसला की अगम्य चिन्हं दाखवतात, म्हणून त्या आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेलं आहे, त्यामुळे त्यावर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदारांनी मात्र या वाटेला न गेलेलंच बरं.

– एक वाचक, पुणे