आई-बाबा, जहाज नको, गाडीनेच जाऊ

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. हा विषय निघाला की बाबा दोन वाक्यांत निकाल लावतात आणि आई "तुम्ही ठरवाल ते" म्हणून मोकळी होते. म्हणून पत्रच लिहिते आहे. सावकाश वाचा, दादालाही दाखवा. जहाजाची माहिती त्यानेच शोधून पाठवली आहे, आणि ती मी पहिल्या पानापासून शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचली.

ऑक्टोबरात तुम्ही इथे अमेरिकेत असणार, घट यंदा वहिनी बसवणार, एवढं ठरलंच आहे. प्रश्न उरतो तो त्या एका आठवड्याचा. दादाचं म्हणणं, बॉस्टनच्या बंदरातून निघणाऱ्या सात रात्रींच्या जहाजावर तुम्हा दोघांना बसवून द्यावं. मेन राज्याचा किनारा, मग कॅनडातलं सेंट जॉन, हॅलिफॅक्स, आणि परत बॉस्टन. माझं म्हणणं, आपण गाडी काढावी आणि शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या डोंगरांत जावं.

जहाजात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. बॅग एकदाच उघडायची, एकदाच भरायची. लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, आधी कळवलं तर शाकाहारी जेवणाची सोयही होते. बाबांच्या गुडघ्यांसाठी हे सगळं मोलाचं आहे. पण आई, तुला बघायचंय काय? मागच्या वर्षी मी आमच्या रस्त्यावरच्या मेपलचा फोटो पाठवला तेव्हा तू म्हणालीस, "असं अख्खं जंगल असेल तर मला एकदा त्यात उभं राहायचंय." तुझी एवढी स्पष्ट इच्छा मी फार कमी वेळा ऐकली आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे.

ते जंगल जहाजावरून दिसत नाही. दिसलंच तर लांबवर किनाऱ्याची एक पट्टी म्हणून. दिवस लहान होऊ लागले की झाड पानांतलं हरितद्रव्य बनवायचं थांबवतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरवा ओसरला की तो उघडा पडतो. लाल मात्र याच दिवसांत नव्याने तयार होतो, आणि दिवसा लख्ख ऊन, रात्री गारठा असं मिळालं की तो गडद होतो. थंडी आधी उत्तरेला आणि उंचावर पोचते, म्हणून रंगही आधी तिथे चढतो आणि मग खाली खाली उतरत सगळ्यात शेवटी समुद्रकाठी येतो. न्यू हॅम्पशरच्या डोंगरांत, म्हणजे व्हाइट माउंटन्समध्ये, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात डोंगर पेटल्यासारखे दिसतात, तेव्हा किनाऱ्यावर बरीच झाडं अजून हिरवी असतात. फाल्गुनात खंडव्याच्या रस्त्याला पळस फुलतो ना, तसं. फरक इतकाच की इथे मधे उघडी जमीन दिसत नाही, रंगाला रंग लागून असतो. जहाजातून जंगलाचा रंग बघायचाच तर सेंट लॉरेन्स नदीतून क्वेबेकपर्यंत जाणारं लांबचं जहाज घ्यावं लागेल, आणि तेवढे दिवस आपल्याकडे नाहीत.

शिवाय रंगाची तारीख कुणी सांगू शकत नाही. पाऊस कसा झाला, थंडी कधी पडली, यावर आठ-दहा दिवस इकडे-तिकडे होतात. जहाजाचा मार्ग आणि वेळ वर्षभर आधी छापलेली असते. गाडीत आपण सकाळी चहा घेताना ठरवू शकतो की आज तासभर उत्तरेला जायचं की घाटाखाली उतरायचं.

आता व्हिसाचं. दादाच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसती अमेरिकेतली बंदरं करत प्रवासी फिरवता येत नाहीत, मधे परदेशातलं बंदर घ्यावंच लागतं. आणि मोठी जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात. म्हणून ही सहल कॅनडाला जातेच जाते. तुमचा अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा आहे, पण कॅनडाचा वेगळा काढावा लागेल. कागद, बँकेची पानं, बोटांचे ठसे, त्यासाठी इंदूरहून मुंबई-दिल्लीची खेप. तो वेळेत आला नाही तर जहाजाचे पैसे बुडाले. अमेरिकी झेंड्याची छोटी जहाजं आहेत, ती फक्त इथलाच किनारा करतात, पण त्यांचे दर ऐकून बाबा जेवायचे थांबतील.

दादाने पाठवलेला आकडाही पुरता नाही. बंदराचे कर, रोजची माणशी टिप, प्रत्येक ठिकाणी उतरून फिरायची बस, हे सगळं वेगळं. जहाजावरचा डॉक्टरही फुकट नाही.

बाबा, तुमच्या गुडघ्याचा विचार मी नीट केला. मेनमधल्या बार हार्बर या बंदराला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. खाडीत नांगर टाकतात आणि तिथून छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. हलत्या जहाजातून हलत्या बोटीत पाय टाकायचा, परत येताना तेच. त्या गावाने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदान करून दिवसाला १००० प्रवासीच उतरू द्यायचे असं ठरवलं, कारण चिमुकल्या गावात एकदम तीन-चार हजार माणसं उतरायची. इतर बंदरांतही सकाळी उतरा, रांगेत बसमध्ये बसा, मार्गदर्शकाच्या मागे चाला, ठरल्या वेळेला परत या. तुम्हाला मधेच बाकावर बसावंसं वाटलं तर बस थांबणार नाही. आणि तुम्हाला दर तासा-दीड तासाला उठावं लागतं, ते मला माहीत आहे, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. गाडीत मी थांबेन. कुठे थांबता येतं ते मी आधीच बघून ठेवलं आहे.

ऑक्टोबरचा उत्तर अटलांटिक शांत असेलच असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये फियोना वादळ थेट नोव्हा स्कोशियावर, म्हणजे हॅलिफॅक्सच्याच प्रांतावर, येऊन आदळलं होतं. तेवढं टोकाचं दर वर्षी होत नाही, पण समुद्र खवळला की बंदर गाळतात आणि प्रवासी दोन-दोन दिवस खोलीत पडून राहतात. आईला महेश्वरला नावेत बसल्यावरसुद्धा मळमळतं. औषधं आहेत, पण साखरेच्या माणसाने दोन दिवस नीट खाल्लं नाही तर इन्सुलिनचा हिशेब बिघडतो. मला त्याची भीती वाटते.

एक गोष्ट मात्र जहाज सोडल्याने खरंच हुकेल, आणि ती बाबांना आवडली असती. सेंट जॉनजवळचा फंडीचा उपसागर. तिथे आत टोकाशी भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, जगात सगळ्यात जास्त. सेंट जॉनला भरतीच्या जोराने नदी उलटी वाहू लागते. ते मला तुमच्याबरोबर बघायचं आहे. कॅनडाचा व्हिसा सावकाश काढून पुढच्या खेपेला जाऊ, तेही गाडीने.

आता मी काय ठरवलंय ते सांगते. मोठी फेरी नाहीच. रोज दोन-अडीच तासांहून जास्त गाडी नाही, अंधार पडल्यावर नाही, आणि एका गावी निदान दोन रात्री.

पहिल्या दिवशी विनीपसॉकी तळ्याकाठी. आईला बोटीत बसायचंय, ते मी विसरलेले नाही. वीअर्स बीचवरून 'माउंट वॉशिंग्टन' नावाची मोठी बोट निघते, ऑक्टोबरातही चालते, आणि दोन-अडीच तास तळ्यातून फिरवून आणते. चहूकडे डोंगर, लाटा बेताच्या, मळमळलं तर उतरायला फार वेळ नाही. तिथून लिंकन हे गाव तासाभरावर आहे. तिथे स्वयंपाकघर असलेली खालच्या मजल्यावरची जागा बघून ठेवली आहे, म्हणजे सकाळचे पोहे आपले आपण. (शेव पाकीटबंद आणा. फळं आणि ताज्या भाज्या विमानतळावर काढून घेतात.)

लिंकनहून एक दिवस बाबांचा. त्या बोटीच्याच नावाचा डोंगर आहे, माउंट वॉशिंग्टन. त्यावर दात्याच्या रुळांची रेल्वे जाते. १८६९ साली सुरू झाली, डोंगर चढणारी अशी जगातली पहिली. मधल्या दातेरी रुळात इंजिनाचं दाते असलेलं चाक अडकतं आणि गाडी वर चढते. बसून जायचं, बसून यायचं. शिखर १९१७ मीटरवर आहे आणि तिथल्या वेधशाळेने एप्रिल १९३४ मध्ये ताशी ३७२ किलोमीटरचा वारा मोजला होता. वीज मंडळाच्या तारा आणि खांब यांत आयुष्य गेलेल्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ माझ्याहून जास्त कळेल. वर थंडी शून्याच्या आसपास असू शकते, म्हणून कानटोपी आणि जाड मोजे हवेतच. हवा फार वाईट असेल तर गाडी शिखरापर्यंत नेत नाहीत, तेव्हा आपण दुसऱ्या दिवशी जाऊ.

मग कँकमॅगस रस्ता. लिंकन ते कॉनवे, अवघा ५५ किलोमीटर, न थांबता गेलं तर तासाभराचा. आपण अख्खा दिवस घेऊ. वाटेत ना पेट्रोल पंप, ना हॉटेल, ना गाव. दोन्ही बाजूंनी जंगल, आणि खिंडीत रस्ता ८७० मीटरपर्यंत चढतो. डबा घरून नेऊ. फोनला रेंज बहुतेक भागात नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवीन आणि टाकी भरून निघू. ठिकठिकाणी गाडी लावून नदीकाठी बसता येतं, बाबांना फार चालायला लागणार नाही. आई, तुला जिथे वाटेल तिथे उतर आणि हवा तेवढा वेळ त्या झाडांत उभी राहा. मागे हॉर्न वाजवणारं कुणी नसेल. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी इथे सुट्टी असते आणि तो आठवडाअखेर या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, म्हणून आपण मंगळवार-बुधवार धरला आहे. घाटाच्या पलीकडे नॉर्थ कॉनवेला रुग्णालय आहे, तेही बघितलं.

शेवटी समुद्र. कॉनवेहून मेनमधलं पोर्टलंड सुमारे शंभर किलोमीटर. तिथून जवळच १७९१ साली लागलेलं दीपगृह आहे, गाडी अगदी जवळ लावता येते, आणि लाटा खडकावर फुटताना बाकावर बसून बघता येतात. शनिवारी तुमचे जावई आणि छोटी तिथे येतील. रविवारी सगळे मिळून घरी.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते. मागच्या आठवड्यात बाबा दादाला म्हणाले ते मला ऐकू आलं: "आम्हाला जहाजावर बसवून दे म्हणावं, तिची रजा नको जायला, गाडी चालवून दमेल ती." बाबा, तुम्ही जहाज निवडलंय ते समुद्रासाठी नाही, माझा त्रास वाचावा म्हणून. तुम्ही दोघं माझ्या देशात येणार आणि मी तुम्हाला धक्क्यावर सोडून ऑफिसला जाणार, आठ दिवसांनी परत घ्यायला येणार, हे मला नको आहे. लहानपणी तुम्ही आम्हाला मांडूला, ओंकारेश्वरला, उज्जैनला नेलंत. आठवडाभर वीज मंडळातलं काम करून रविवारी पहाटे गाडी पुसायचात, वहीत किलोमीटर आणि पेट्रोल लिहायचात, आणि दमलो असं एकदाही म्हणाला नाहीत. मी गाडी चालवायला शिकले ती तुमच्या शेजारच्या सीटवर बसून, घाटात गिअर कधी टाकता ते बघत. या आठवड्यात ती सीट तुमची. नकाशा तुमच्याकडे, थर्मास आईकडे. आणि गाडीत बोलणं होतं. फोनवर आपण तब्येत आणि हवामान यांच्यापलीकडे कधी जातो? मला तुमच्याशी पुष्कळ बोलायचंय, घराच्या वरच्या मजल्याचं काय करायचं तेही. रजा मी मागितली आहे आणि ती मंजूर झाली आहे.

करायच्या गोष्टी: बाबांनी गुडघ्याचा जुना रिपोर्ट आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवावी. आईच्या इन्सुलिनची डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट घ्यावी, आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावं, सामानात नाही. विमा मी इथून काढते आहे, आधीच्या आजारांचा त्यात काय उल्लेख आहे ते नीट वाचूनच. बाबा, वही आणि पेन आणा.

खोल्या धरून ठेवल्या आहेत, महिनाअखेरपर्यंत पैसे न कापता सोडता येतात. नाही म्हणायचं असेल तर आईने म्हणावं, आणि समुद्रावरच राहावंसं वाटतं म्हणून म्हणावं. तसं असेल तर मी जहाजाचं तिकीट काढते, माझंही. "तुझी दगदग नको" हे कारण मी ऐकणार नाही. रविवारी सकाळी तुमचे पोहे झाले की फोन करा, मी जागी असेन.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
लेक