सूचना : ट्यूनिंग नॉबच्या जोडणीला येण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या बैठकीत रिमोट स्टेशनसाठीचा (नेटवर्कवरून दुरून चालवायच्या हौशी रेडिओ केंद्रासाठीचा) ट्यूनिंग नॉब, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलायची फिरती मूठ, प्रत्येकाने स्वतः जोडायचा आहे. ज्यांनी अजून एन्कोडर (नॉब किती फिरला ते विद्युत पल्समध्ये सांगणारा भाग) घेतला नसेल त्यांनी ऑप्टिकलच, म्हणजे प्रकाशाने मोजणारा, घ्यावा, ही आग्रहाची विनंती. स्वस्तातला मेकॅनिकल एन्कोडर अडखळत फिरतो आणि एका फेऱ्यात साधारण 20 पल्स देतो. आवाज कमी-जास्त करायला तो ठीक, पण सीडब्ल्यू (मोर्स कोडच्या) सिग्नलवर नेमकं थांबायला उपयोगाचा नाही. सीएनसी मशीनच्या हँडव्हीलमधला 100 पल्सचा एन्कोडर छान चालतो. एन्कोडरच्या ए आणि बी या दोन्ही फेजच्या (आउटपुटच्या) चढत्या-उतरत्या कडा मोजल्या की फेऱ्याला 400 पायऱ्या मिळतात. 10 हर्ट्झची पायरी धरली, तर एका फेऱ्यात 4 किलोहर्ट्झ. हाताला हा वेग अगदी बरोबर बसतो.

एन्कोडर वाचून यूएसबीने संगणकाला जोडायचा आर्डुइनो बोर्ड प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो, कोणताही चालेल. एन्कोडरचं आउटपुट ओपन कलेक्टर (स्वतः व्होल्टेज न देता फक्त ग्राउंडकडे खेचणारं) असेल तर ते वर ओढून धरायला 10 किलोओहमचे दोन पुल-अप रेझिस्टर आणावेत.

प्रोग्राम स्वतः लिहिणाऱ्यांनी कृपया लक्ष द्यावं : प्रत्येक पायरीला वेगळी कॅट कमांड (संगणकावरून रेडिओला दिलेली आज्ञा) पाठवू नका. नेटवर्क जरा मंदावलं की कमांड तुंबतात आणि नॉबवरून हात काढला तरी फ्रिक्वेन्सी सरकतच राहते. समोरचं स्टेशन हातातून निसटतं ते इथेच! पायऱ्यांची बेरीज करत राहा आणि दर 50 मिलिसेकंदांनी फक्त ताजी फ्रिक्वेन्सी पाठवा.

यूएसबी केबलसाठी क्लिपचा फेराइट (रेडिओचा अडथळा रोखणारा चुंबकीय तुकडा) आणि आपापला मल्टिमीटर विसरू नये. सोल्डरिंगची सोय बैठकीच्या जागी आहे.