तालिकेत वाचकांच्या शब्दांना जागा द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकेत (पुस्तकांच्या यादीत) वाचकांना टॅग, म्हणजे शोधासाठी आपले शब्द, लावू देण्याबाबत.

महोदय,

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. गेल्या पावसाळ्यात एक बाई देवघेवीच्या टेबलाशी आल्या आणि तिथल्या संगणकावर त्यांनी ‘शेळ्या’ असे टाइप केले. एकही पुस्तक निघाले नाही. आमच्या नोंदीत विषय ‘पशुसंवर्धन’ असा होता आणि त्यांना हवे असलेले पुस्तक चार हातांवर, ६३६ क्रमांकाच्या कप्प्यात होते. मला ते ठाऊक होते म्हणून त्यांचे काम झाले. मी रजेवर असतो तर त्या रिकाम्या हाताने गेल्या असत्या.

असे विषयवार क्रमांक देणारी ड्यूई यांची १८७६ ची वर्गीकरण पद्धत मोडीत काढा, असे माझे म्हणणे नाही. पुस्तकाची फळीवरची जागा ठरवायला ती हवीच. मात्र त्याच नोंदीला वाचकाने ‘शेळ्या’, ‘जोडधंदा’ असे आपले शब्द जोडले आणि ते पुढच्या वाचकाच्या शोधात आले, तर बिघडते कुठे?

आमची खरी अडचण दिवाळी अंकांची आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेतील अंकांचे गठ्ठे गावोगावच्या ग्रंथालयांत आहेत, पण दाखलनोंदीत अंकाचे नाव, वर्ष आणि किंमत याखेरीज काही नसते. आतला दुष्काळावरचा लेख किंवा गिरणी कामगारांच्या आठवणी शोधणाऱ्या विद्यार्थ्याला गठ्ठे सोडून पाने उलटण्यावाचून इलाज नाही. दर अंकाची लेखसूची करण्याइतके मनुष्यबळ आमच्याकडे नाही (वेतनाचा प्रश्न वेगळ्या पत्राचा आहे), परंतु अंक घरी नेऊन वाचणारे सभासद दोन-तीन शब्द आनंदाने देतील.

वेबवर वाचकांनी टॅग लावण्याची ही रीत २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘डिलिशस’ या वेबपानांचे दुवे साठवण्याच्या संकेतस्थळाने रुजवली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘पेनटॅग्ज’ नावाने ती आपल्या वाचकांसाठी आणली. पुढे ‘डिलिशस’ अनेकदा विकले गेले आणि २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या तशाच संकेतस्थळाने ते घेतल्यावर तिथे नवी नोंद करणे थांबले. त्यामुळे वाचकांचे शब्द परक्या संकेतस्थळावर न साठवता ग्रंथालयाच्या स्वतःच्या तालिकेतच राहावेत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या ‘कोहा’ या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणक प्रणालीत ही सोय आहे. ती केवळ चालू करावी लागते, आणि कोणी अपशब्द लिहिले तर ते ग्रंथपालाच्या मंजुरीवाचून दिसणार नाहीत, अशी तजवीजही तिच्यात आहे.

शुद्धलेखनाचा घोळ होईल, हे खरे. ‘ॲ’ हे अक्षरसुद्धा संगणकावर दोन प्रकारे टंकित होते आणि शोधयंत्राला ती दोन वेगळी अक्षरे वाटू शकतात. त्यासाठी मंजुरी देतानाच रूपे एकसारखी करण्याची सवय ग्रंथपालांना लावावी लागेल. एका दिवसाच्या प्रशिक्षणात ते जमेल.

तरी १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या आणि संगणकीय तालिका असलेल्या ग्रंथालयांसाठी ग्रंथालय संचालनालयाने तसे परिपत्रक काढावे, टॅग देणाऱ्या सभासदाचे नाव इतरांना दिसू नये अशी अट त्यात घालावी आणि पहिल्या वर्षी हा प्रयोग फक्त दिवाळी अंकांवर करावा, अशी विनंती आहे. आमच्याकडील गठ्ठे सोडायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक ग्रंथपाल