दोरी आवळू नका, शीड सपाट करा

महोदय,

शिडाच्या होड्यांच्या शर्यतींवरील टिपण आपल्या क्रीडापानावर वाचले. या खेळाला जागा मिळाली याचा मनापासून आनंद आहे. पण जोराच्या वाऱ्यात शीट (शीड आत ओढून धरणारी दोरी) घट्ट आवळून वाऱ्याच्या तोंडाशी जितके जाता येईल तितके जावे, हा त्यातला सल्ला मला खटकला. पहिली तीन वर्षे मी हेच करत होते. 20 नॉट (ताशी सुमारे 37 किमी) वाऱ्यात होडी प्रत्येक लाटेवर आपटायची, थांबायची आणि आडवी वाहत जायची.

वारा वाढला की शिडाचा फुगवटा मागे सरकतो. होडी कलते, नाळ (होडीचे पुढचे टोक) वाऱ्याकडे वळू पाहते. तिला रोखायला सुकाणू तिरके धरावे लागते आणि तिरके सुकाणू पाण्यात ब्रेकसारखे काम करते. म्हणून आधी आउटहॉल (शिडाचा मागचा कोपरा बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, टोकाकडे ओढणारी दोरी) आणि कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) ताणावेत. आउटहॉलने शिडाचा खालचा भाग सपाट होतो, कनिंगहॅमने फुगवटा पुन्हा पुढे येतो. छोट्या होडीत व्हँगने (बूम खाली ओढून धरणाऱ्या दोरीने) डोलकाठीही वाकवावी. त्यानंतर शीट थोडी सोडावी, म्हणजे शिडाचा वरचा भाग मोकळा होऊन जादा वारा तिथूनच निसटतो. वजनाने हलक्या मुलांनी तर हे इतरांच्या बरेच आधी करावे. माझ्या एका विद्यार्थिनीला ते पटायला पूर्ण हंगाम लागला.

जिब (पुढचे छोटे शीड) मात्र अगदी सपाट करू नये. लाट फोडून पुढे जायला तिच्या खालच्या भागात थोडा बाक लागतोच.

उरलेले काम हातांचे. लाट चढताना नाळ किंचित वाऱ्याकडे न्यावी, माथ्यावर येताच वाऱ्यापासून वळवावी. झोत आला की होडी कलण्याआधीच वीतभर शीट सोडावी, वेग आला की पुन्हा ओढावी. वाऱ्यापासून तीन-चार अंश दूर वळून गेल्याने काही बिघडत नाही. उलट वेग असला तरच पाण्याखालची फळी धरून राहते आणि होडी कमी वाहते.

आणखी एक गोष्ट टिपणात हवी होती. वाऱ्याकडचे बोये (शर्यतीच्या वळणाची तरंगती खूण) ओलांडून वाऱ्याच्या दिशेने खाली वळण्याआधी व्हँग सैल करायलाच हवा. नाहीतर बूमचे टोक पाण्यात घुसते, शीड सोडता येत नाही आणि होडी उलटते. टिपण मुलेही वाचतात, म्हणून एवढी दुरुस्ती आपण छापावी ही विनंती.

आपली,
एक प्रशिक्षिका