आरोग्याच्या आगोटीची तयारी कधी?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

दापोली तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. आमच्याकडे वैशाख लागला की बाया आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीला लागतात. सुकी मासळी, आमसुलं, मीठ, चार महिन्यांचं सरपण. पाऊस आलेला नसतो, पण बाईच्या डोळ्यांपुढे तो पडत असतो. नदीला पूर आला, एसटी बंद झाली आणि घरात बाळंतीण असली, तर काय लागेल? आम्ही मात्र दर मे महिन्यात पावसाळ्याच्या तयारीचा कागद भरायचो आणि बहुतेकदा मागच्या सालची तारीख तेवढी बदलायचो. मीही हेच केलं, याची मला खंत आहे.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आधीच कोविडची धास्ती, त्यात माड, आंबे, विजेचे खांब सगळं आडवं. आमच्या वाडीत 22 दिवस लाईट नव्हती. लसी 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात. काही लसी गोठल्या तरी वाया जातात, म्हणून नुसत्या बर्फावर भागत नाही. जनरेटरला डिझेल आणायचं तर रस्ताभर झाडं. अशात एका घरी गेले. आजींनी इन्सुलिनची बाटली मडक्यात ठेवून वरून ओलं फडकं गुंडाळलं होतं. म्हणाल्या, "बाई, चालेल ना हे?" मला धड उत्तर देता आलं नाही. इतके दिवस लाईट गेली तर गावातलं इन्सुलिन कुठे ठेवायचं, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आज किनाऱ्यावरच्या किती रुग्णालयांचे जनरेटर तळमजल्यावर आहेत, एवढं तरी मोजून घ्या.

माकडतापाचंही तेच. कर्नाटकात तो 1957 पासून माहीत होता, 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात निघाला. तो गोचिडीतून होतो. रानात माकडं मरून पडू लागली की ती पहिली खूण, आणि ती आधी दिसते गुराख्याला, काजू वेचणारीला. त्यांनी कुणाला सांगायचं, हे त्यांना कुणी सांगितलंय का?

म्हणून मागणं एकच. दर वैशाखात एक दिवस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताई, वायरमन, तांडेल (होडीचा प्रमुख), गुराखी आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या घरचं माणूस यांना डॉक्टरांसोबत बसवा. त्यांच्यापुढे न घडलेली रात्र मांडा: श्रावण आहे, घाट बंद, मोबाईलला रेंज नाही, उपकेंद्रात पाणी आणि लावणीहून आलेल्या तिघांना ताप, लेप्टोची (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका. प्रत्येकाला विचारा, आता तुम्ही काय कराल? दुसऱ्या वर्षी दहा वर्षांपुढचा उन्हाळा मांडा, रात्रीही न उतरणारा उकाडा आणि आंबा काढायला झाडावर चढलेले गडी. जे अडेल ते लिहून घ्या आणि पावसाआधी त्यासाठी पैसे द्या. पैशाविना तो आणखी एक कागदच होईल.

पहिल्या बैठकीला तुम्ही स्वतः या. आमच्या समाजमंदिरात बसू. त्या आजी आता नाहीत, पण त्यांची सून इन्सुलिन घेते. सुरुवात तिच्यापासून करू.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. दापोली, जि. रत्नागिरी